काडतुसाची दंतकथा आणि न पडणारा माणूस

मराठी युद्धकथेत एक वाक्य हटकून येते. कथा दिवाळी अंकातली असो वा रविवार पुरवणीतली, त्याला चुकवता येत नाही. गोळी लागते आणि शत्रू चार हात मागे फेकला जातो. हे लिहिणाऱ्याने गोळी लागलेला माणूस बहुधा पाहिलेला नसतो. त्याने पाहिलेला असतो चित्रपटातला, कमरेला तार बांधून मागे ओढला गेलेला स्टंटमन. कल्पित साहित्याला अतिशयोक्तीचा अधिकार आहे आणि तो आम्ही नाकारीत नाही. आमचे भांडण आहे ते या वाक्याला समीक्षेत ‘वास्तववादी’ म्हणण्याशी. त्याहून मोठे भांडण आहे ते याच वाक्याच्या पोटी जन्मलेल्या आणि संपादकीय पानांवर गंभीर चेहऱ्याने वावरणाऱ्या विधानांशी. ‘५.५६ची गोळी माणसाला नुसते जखमी करते, ७.६२ची ठार करते’, ‘पाश्चात्त्यांची गोळी सुसंस्कृत शत्रूसाठी ठीक, आपला शत्रू माथेफिरू आहे, तो तिने थांबत नाही’, ‘म्हणून इन्सास गेली’. या सर्वांच्या मुळाशी ‘स्टॉपिंग पॉवर’ हा एकच शब्दप्रयोग असतो. जणू ती काडतुसाच्या डबीवर छापता येईल अशी, वजनाकाट्याने मोजता येणारी राशी आहे.

मराठी साहित्य शिकवणाऱ्यांनी काडतुसांविषयी का बोलावे, असे कोणी विचारील. उत्तर असे की ही गोष्ट पदार्थविज्ञानाची होण्यापूर्वी कथनाची आहे. तिला निवेदक आहे, खलपुरुष आहे, पाठांतरे आहेत. निवेदक कोण आणि तो कोणाच्या सोयीने सांगतो, हे विचारायला आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. ते येथे विचारायला हरकत नसावी.

पदार्थविज्ञानाचा भाग आधी उरकून घेऊ. ७.६२ बाय ५१ या काडतुसातील गोळी सुमारे साडेनऊ ग्रॅमची असते आणि नळीतून सेकंदाला सुमारे ८३० मीटर वेगाने निघते. वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार केला की संवेग मिळतो; तो येथे आठच्या थोडा आत येतो. पासष्ट किलोच्या माणसाच्या शरीरात ही गोळी पूर्णपणे रुतून बसली, तरी त्याला मिळणारा वेग सेकंदाला सुमारे बारा सेंटिमीटर. आपण रमतगमत चालतो तो वेग याच्या दसपट असतो. ५.५६ची गोळी चार ग्रॅमची, तिचा संवेग याच्या निम्म्याहूनही कमी. तुलनेसाठी वेगवान गोलंदाजाचा चेंडू घ्या. १६० ग्रॅमचा चेंडू ताशी १४४ किलोमीटर वेगाने आला, तर त्याचा संवेग ५.५६च्या गोळीहून बराच जास्त आणि ७.६२च्या गोळीहून किंचित कमी असतो. चेंडू छातीवर बसला म्हणून फलंदाज यष्टिरक्षकाच्या अंगावर जाऊन आदळल्याचे कोणी पाहिले आहे काय? शिवाय गोळीचा हा धक्का झाडणाऱ्याच्या खांद्याला आधीच बसलेला असतो, आणि नळीतून सुटणाऱ्या वायूमुळे तो थोडा अधिकच असतो. जी बंदूक शत्रूला चार हात उडवील ती शिपायालाही चार हात उडवील. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाला देशभक्ती कळत नाही.

मग माणूस पडतो कशाने? मेंदूला किंवा मानेजवळच्या मज्जारज्जूला इजा झाली तर तो तत्काळ कोसळतो. अन्यथा रक्तस्रावाने; आणि त्याला वेळ लागतो. हृदय निकामी झाले तरी मेंदूत शिल्लक असलेल्या प्राणवायूवर माणूस दहापंधरा सेकंद हेतुपूर्वक हालचाल करू शकतो, असे मानले जाते. तिसरे कारण मनाचे. गोळी लागली की पडायचे असते, हे माहीत असल्यामुळे अनेकजण पडतात. हे तिसरे कारण कोणत्याही काडतुसाच्या मोजमापात बसत नाही. (कथा-चित्रपटांनी माणसांना पडायला शिकवले आहे काय, हा प्रबंधाचा विषय होऊ शकेल.) पुण्याच्या इतिहासातलेच उदाहरण घ्यायचे तर २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंडीत चाफेकर बंधूंनी जवळून गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच मेला. रँड ३ जुलैपर्यंत जगला. ती पिस्तुले होती, रायफली नव्हेत, हे खरे. पण गोळी कोठे लागली यावर सारे ठरते, हा मुद्दा तेथेही तोच.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. तिचा जन्म हिंदुस्थानातच झाला, आणि नेमका त्याच सुमारास.

ब्रिटिश शिपायाच्या हाती पूर्वी मार्टिनी-हेन्री ही बंदूक होती. तिची मऊ शिशाची गोळी ४८० ग्रेनची, म्हणजे एकतीस ग्रॅमची, जाडजूड आणि मंद. १८८८ साली ली-मेटफर्ड रायफल आली. तिची .३०३ गोळी बारीक, जलद आणि कठीण धातूच्या वेष्टनात पूर्ण गुंडाळलेली. १८९५च्या चित्राल मोहिमेत सरहद्दीवरच्या टोळीवाल्यांविरुद्ध ती वापरली गेली, आणि तक्रारी येऊ लागल्या. गोळी आरपार जाते, माणूस पडत नाही, धावत येतो. एवढ्या गोळ्या खाऊन अमका चालत गेला आणि बराही झाला. गणित करून पाहिले तर दोन्ही गोळ्यांची नळीतून निघतानाची ऊर्जा जवळजवळ सारखी, अडीच हजार ज्यूलच्या आसपास आहे. ऊर्जा हाच निकष मानला, तर जुनी गोळी ‘थांबवणारी’ आणि नवी ‘न थांबवणारी’ असे म्हणायला आधार उरत नाही. फरक ऊर्जेत नव्हता. मऊ शिसे शरीरात पसरून मोठी जखम करी. नवी बोथट टोकाची, लांब, कठीण गोळी बऱ्याचदा सरळ निघून जाई. एवढे खरे, आणि ते आम्ही नाकारीत नाही.

पण प्रत्येक तक्रारीत एक न बोललेले गृहीतक होते. शिपायाने गोळी झाडली, समोरचा पडला नाही, म्हणजे गोळी लागली पण ‘चालली’ नाही. नेम चुकला असेल, ही शक्यता अहवालात येत नाही. ती येणे कठीणच. कारण ‘माझे काडतूस कमजोर आहे’ हे सांगणे ‘माझा नेम चुकला’ हे सांगण्यापेक्षा केव्हाही सोपे. आम्ही शिपायाची थट्टा करीत नाही. अंगावर धावून येणाऱ्या माणसासमोर उभे राहण्याची पाळी आमच्यावर आलेली नाही. मात्र साक्ष हा एक वाङ्मयप्रकार आहे, आणि साक्षीचे वाचन करताना तो प्रकार विसरायचा नसतो.

कलकत्त्याजवळच्या डमडम येथील दारूगोळा कारखान्याचा अधीक्षक कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले याने यावर उपाय काढला. गोळीच्या टोकावरचे वेष्टन थोडेसे मागे घेऊन आतले शिसे उघडे ठेवायचे. एवढ्याने गोळी शरीरात शिरताच टोकाशी पसरू लागली. १८९७च्या तिराह मोहिमेत ती वापरात आली आणि एका गावाचे नाव जगातल्या भाषांमध्ये सामान्यनाम होऊन बसले. जाता जाता सांगायचे तर ‘दमदमा’ म्हणजे तोफा चढवण्यासाठी रचलेला उंचवटा. बखरींच्या वाचकांना तो शब्द परका नाही. आज त्याच डमडममध्ये कोलकात्याचा विमानतळ आहे.

युरोपात ओरड झाली. ट्युबिंगेनच्या ब्रुन्स या जर्मन शल्यचिकित्सकाने केलेल्या प्रयोगांचे भीषण निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पण त्याने वापरलेल्या गोळ्या शिकारीच्या होत्या, त्यांचे शिसे डमडमच्या गोळीपेक्षा कितीतरी अधिक उघडे होते. म्हणजे दंतकथा दोन्ही बाजूंनी रचल्या जात होत्या, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

१८९९च्या उन्हाळ्यात हेग येथे शांतता परिषद भरली. तेथे ब्रिटनचे लष्करी प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांनी पसरणाऱ्या गोळीचे समर्थन केले. त्यांच्या युक्तिवादाचा आशय असा : सुसंस्कृत शिपायाला कळते की आपण जखमी झालो, आता जितक्या लवकर उपचार मिळतील तितके बरे, तो खाली बसतो आणि रेडक्रॉसची वाट पाहतो. रानटी माणसाचे तसे नाही. दोनतीन गोळ्या आरपार गेल्या तरी तो धावत येतो, आणि आपण हेगच्या निर्णयांचा भंग करीत आहोत हे त्याला समजावून सांगण्याआधीच तो तुमचे डोके उडवतो. हे विनोदाच्या अंगाने, पण गांभीर्यपूर्वक सांगितले गेले. मराठीच्या वर्गात आपण ‘वसाहतवादी संहिता’ या मथळ्याखाली जे काही शिकवतो, त्यासाठी याहून नेमका उतारा आम्हाला ठाऊक नाही. शरीररचनेचा प्रश्न येथे वंशाचा प्रश्न होतो. एकाच गोळीची ‘शक्ती’ समोरच्या कातडीच्या रंगानुसार कमीजास्त होते.

२९ जुलै १८९९ रोजी पसरणाऱ्या गोळ्यांविरुद्धचे घोषणापत्र तयार झाले. ब्रिटन आणि अमेरिका त्यात सामील झाले नाहीत. ब्रिटन १९०७ साली झाले. आणि सामील होऊनही टोळीवाल्यांना काय मिळणार होते? हे बंधन करार करणाऱ्या राष्ट्रांच्या आपापसांतल्या युद्धापुरतेच होते. तिराहचे आफ्रिदी हेगच्या टेबलाशी नव्हते.

पुढचा भाग अधिक बोलका आहे. त्याच १८९९ साली बोअर युद्ध सुरू झाले. ब्रिटनने तोवर पोकळ टोकाची नवी गोळी बनवली होती, पण गोऱ्या बोअरांविरुद्ध तिच्याऐवजी जुनी, पूर्ण वेष्टनातली गोळी वापरायचे ठरले. नव्या गोळीत तांत्रिक दोषही निघाले होते, हे खरे. तरीही चित्रालच्या डोंगरात जिला ‘अपुरी’ म्हटले तीच गोळी दक्षिण आफ्रिकेच्या माळावर पुरेशी ठरली. आणि १९१०ची सातव्या नमुन्याची .३०३ गोळी पाहा. टोकदार, पूर्ण वेष्टनात, हेगच्या शब्दांत चोख बसणारी. पण टोकाच्या आत शिशाऐवजी हलके ॲल्युमिनियम भरलेले. त्यामुळे वजन मागे गेले आणि शरीरात शिरताच ती आडवी फिरू लागली. अक्षर पाळले, अर्थ टाळला. भाषेच्या मास्तरांना ही युक्ती चांगलीच परिचित आहे.

आता आमच्या भांडणाचा गाभा. जखमांनी चाळण होऊनही न पडणारा माणूस ही मराठी मनाला नवी प्रतिमा नाही. १६६०च्या पावनखिंडीत तोफांचे आवाज ऐकेपर्यंत लढत राहिलेला बाजीप्रभू आपल्याला शाळेतच भेटतो. पुरंदरच्या मुरारबाजीचे शिर तुटल्यावर धड लढत राहिल्याची कथा परंपरेने सांगितली जाते. या कथांना आपण शौर्यकथा म्हणतो. मात्र घोड्याच्या दुसऱ्या बाजूने पाहणाऱ्या निवेदकाला तेच दृश्य ‘धर्मवेडा रानटी’ असे दिसते, आणि त्याला उत्तर म्हणून तो अधिक क्रूर काडतूस मागतो. फिलिपाइन्समध्ये अमेरिकनांनी मोरो योद्ध्यांविषयी हेच सांगितले आणि त्यातून जाड पिस्तुली गोळीची महती निघाली. तेथे रायफलीच्या गोळ्या खाऊनही माणसे पुढे येत होती, हा तपशील त्या महतीत गळून पडला. आज आमचे स्तंभलेखक फिदायीन हल्लेखोराविषयी लिहिताना ‘तो नशेत असतो, साध्या गोळीने थांबत नाही’ असे लिहितात, तेव्हा ते नकळत सर जॉन आर्डांचे भाषण मराठीत वाचून दाखवीत असतात. डमडमच्या मुलुखातल्या लेखकांनी हे करावे, याचे आम्हाला वैषम्य वाटते. हल्लेखोराविषयी आम्हाला तिळमात्र कणव नाही. प्रश्न त्याच्या शरीराचा आहे, आणि ते शरीर आपल्यासारखेच आहे.

व्हिएतनामच्या काळात दंतकथेने दिशा बदलली. एम-१६ या रायफलीची ५.५६ची बारीक गोळी आली, तेव्हा आरंभी तिच्याविषयी अघोरी वर्णने पसरली. १९६२च्या एका अमेरिकी अहवालात नमूद केलेल्या जखमा पुढच्या प्रयोगांत तशा उमटेनात. ती हवेतच कोलांट्या घेत जाते, असेही सांगितले गेले. हवेत कोलांट्या घेणारी गोळी नेमावर जाणार कशी? नळीतल्या आट्यांमुळे तिला फिरकी मिळते ती स्थिर राहण्यासाठीच. शरीरात शिरल्यावर मात्र टोकदार गोळी आडवी होते. तिचे वजन मागच्या बाजूला असते म्हणून. हे सर्वच टोकदार गोळ्यांचे वर्तन आहे, प्रश्न फक्त किती खोलीवर, एवढाच. पुढे वारे फिरले आणि तीच गोळी ‘फक्त जखमी करणारी’ ठरली. त्याला एक चतुर समर्थनही जोडले गेले : एक जखमी झाला की त्याला उचलायला दोघे लागतात, म्हणून मुद्दामच अशी गोळी निवडली. हे इतके सुबक आहे की ते खोटे असल्याचा संशय प्रथमदर्शनीच यावा. लहान गोळीकडे वळण्याची कारणे रूक्ष होती. कोरियन युद्धाच्या काळातील अभ्यासांनी दाखवले होते की पायदळाची परिणामकारक गोळीबाजी बहुतांशी तीनशे यार्डांच्या आतच होते. ७.६२चे काडतूस सुमारे चोवीस ग्रॅमचे, ५.५६चे बाराचे, तेवढ्याच ओझ्यात दुप्पट काडतुसे. धक्का कमी म्हणून नेम टिकतो. पण रूक्ष कारणांची कथा होत नाही.

मार्टिन फॅक्लर या अमेरिकी शल्यचिकित्सकाचे नाव येथे घेतलेच पाहिजे. व्हिएतनाममध्ये जखमींवर शस्त्रक्रिया केलेल्या या गृहस्थाने १९८०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या लष्करी प्रयोगशाळेत थंड जिलेटीनच्या ठोकळ्यांत गोळ्या झाडून जखमेचा मार्ग मोजला. निष्कर्ष दंतकथांना पार उलटे करणारे होते. एके-४७ची मूळची ७.६२ बाय ३९ गोळी, जिच्या दहशतीवर अर्धे चित्रपट चालतात, ती सुमारे पंचवीस सेंटिमीटर सरळ जाते आणि मग आडवी होते. माणसाचे धड पुष्कळदा तेवढे जाडही नसते. म्हणून हाड वा मोठी रक्तवाहिनी चुकली, तर तिची जखम अनेकदा साध्या पिस्तुलाच्या जखमेसारखी दिसते. उलट ‘कमजोर’ म्हणून हिणवली गेलेली व्हिएतनामकालीन ५.५६ची गोळी बारा सेंटिमीटरच्या सुमारास आडवी होते, आणि वेग पुरेसा असला तर फुटून तिचे तुकडे चहूकडे जातात. अंतर वाढून वेग उतरला, की ती फुटत नाही आणि बारीक भोक पाडून निघून जाते. १९९३च्या मोगादिशूतल्या तक्रारी पुढच्या पिढीच्या गोळीविषयी होत्या, पण त्यांची उकलही या दिशेनेच करता येते. म्हणजे एकच काडतूस एका अंतरावर भयंकर आणि दुसऱ्या अंतरावर सौम्य. ‘शक्ती’ काडतुसात नसते. ती अंतर, खोली, कोन आणि अवयव यांच्या गाठीत असते.

या प्रकाशात आपल्याकडची चर्चा वाचावी. इन्सास रायफल पुण्याच्या पाषाण येथील संशोधन संस्थेत आखली गेली. तिची काडतुसे बनवणारा वरणगावचा कारखाना खानदेशातला. तेव्हा हा विषय महाराष्ट्राला अगदीच परका नाही. इन्सासविषयीच्या शिपायांच्या तक्रारी खऱ्या होत्या : अतिथंडीत तडकणारी मॅगझिने, अडकणारी यंत्रणा. त्यांचा काडतुसाच्या व्यासाशी संबंध नव्हता. पण २०१९ साली सिग-७१६ रायफलींचा ७२,४०० नगांचा करार झाला, तेव्हा ‘अखेर मारक ७.६२ परत’ अशा आशयाचे मथळे आले. २०२१ साली सहा लाखांहून अधिक एके-२०३ रायफलींचा करार झाला, तेव्हाही ‘७.६२’ हाच आकडा पुढे केला गेला. हे दोन ७.६२ एक नव्हेत! आकडा गोळीच्या व्यासाचा आहे. सिगच्या काडतुसाची ऊर्जा तेहतीसशे ज्यूलच्या घरात, एके-२०३च्या काडतुसाची सुमारे दोन हजार, आणि हिणवल्या गेलेल्या ५.५६ची साडेसतराशे. नामसाम्यावरून दोन व्यक्ती एकच ठरवणारा संशोधक आपण तोंडी परीक्षेत नापास करतो. येथे मात्र तो संरक्षणतज्ज्ञ म्हणून मिरवतो. डोंगरात लांब अंतरावर मारा करण्यासाठी जड गोळी हवी, हा युक्तिवाद आम्हाला मान्य आहे. २०२२ साली अमेरिकी लष्कराने ६.८ मिलिमीटरचे नवे काडतूस निवडले तेही अंतर आणि चिलखत यांच्या विचाराने. तसे म्हणावे; माथेफिरूची गोष्ट मध्ये आणू नये.

अनुवादक मित्रांनी आम्हाला विचारले आहे की ‘स्टॉपिंग पॉवर’साठी मराठीत काय लिहावे. ‘रोधकशक्ती’, ‘मारकक्षमता’ हे शब्द घडवले गेले आहेत. आमचे मत असे की प्रतिशब्द घडवूच नये. पात्राच्या तोंडी आला तर तो इंग्रजी शब्दच राहू द्यावा, आणि निवेदनात जे घडले ते लिहावे : गोळी कोठे लागली, किती खोल गेली, माणूस किती पावले चालला, केव्हा बसला.

२६ नोव्हेंबर २००८च्या रात्री गिरगाव चौपाटीवर साहाय्यक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हातात लाठी होती. समोर अजमल कसाबच्या हातात एके रायफल. ओंबळे यांनी तिची नळी धरली. अंतर शून्य. एकामागून एक गोळ्या पोटात गेल्या, तरी सहकाऱ्यांनी कसाबला ताब्यात घेईपर्यंत त्यांनी नळी सोडली नाही. २००९च्या प्रजासत्ताकदिनी त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. त्या रात्रीविषयी जे काही मराठीत लिहिले गेले त्यात, रायफलीचे काडतूस कमी पडले म्हणून ते उभे राहिले, असे विधान आमच्या वाचनात आलेले नाही. ते कोणाला सुचलेही नाही. चित्रालच्या डोंगरात धावत खाली येणाऱ्या माणसांविषयी मात्र पहिला अहवाल लिहिला गेला तो काडतुसाचा.